बेतवेच्या पाण्यावर : झाशी-ओरछ्याची उन्हाळी सहल

मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की मराठी घरांत प्रवासाचे बेत रंगू लागतात. महाबळेश्वर, माथेरान, तळकोकण, फार तर सिमला-मनाली ही नावे ठरलेलीच. बँकेतील मंडळींच्या घरी एल.एफ.सी.ची मुदत संपत आली असेल, तर दूरची एखादी जागा नकाशावर शोधली जाते. अशा बैठकीत कोणी झाशीचे नाव काढले, तर इतरांनी त्याच्याकडे काळजीच्या नजरेने पाहावे, हे स्वाभाविक आहे. बुंदेलखंडातील उन्हाळा हा थट्टेचा विषय नाही. २८ मे २०२४ रोजी झाशीत तापमान ४९ अंश सेल्सिअसवर गेले होते. दुपारी वाहणारी ‘लू’ माणसाला घराबाहेर उभे राहू देत नाही.

असे असूनही मोटारीने झाशी-ओरछ्याला जाणारी कुटुंबे वाढत आहेत. त्याचे कारण सोपे आहे. आजी-आजोबांना राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला पाहायचा असतो आणि नातवंडांना पाण्यात खेळायचे असते. झाशीपासून जेमतेम सोळा किलोमीटरवर ओरछा आहे, तेथे बेतवा नदीत राफ्टिंग होते, आणि झाशीच्या आसपास उन्हाळ्यापुरते गजबजणारे छोटे वॉटर पार्कही आहेत. एकाच सहलीत तीन पिढ्यांची सोय होते. मात्र पाण्यासाठी म्हणून ज्या प्रदेशात जायचे, तेथे ते पाणी मे महिन्यात येते कोठून, हे समजून घेतलेले बरे. ते समजले, तर प्रवासाचे दिवस आणि वेळा नीट ठरवता येतात, आणि जे पाहायचे ते अधिक चांगले दिसते.

आग्रा रस्त्याने उत्तरेकडे

मुंबईहून झाशी रस्त्याने अकराशे किलोमीटरांच्या आसपास पडते. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, देवास, ब्यावरा, गुणा, शिवपुरी असा जुना आग्रा रस्ता धरायचा आणि शिवपुरीला उजवीकडे वळायचे. तेथून झाशी सुमारे शंभर किलोमीटर उरते. विदर्भातील मंडळींना नागपूरहून शिवणी, लखनादौन, सागर, ललितपूर या मार्गाने हे अंतर बरेच कमी, सहाशे किलोमीटरांच्या थोडे पुढे, पडते. मुंबई-पुण्याकडून निघणाऱ्यांनी मध्ये दोन मुक्काम धरावेत. एका दिवसात दामटून गाडी नेण्याचा पराक्रम उन्हाळ्यात तरी करू नये. पहाटे निघावे, अकरा-साडेअकरापर्यंत निम्मे अंतर कापावे, दुपार सावलीत काढावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा रस्त्याला लागावे. जुने गाडीवान याच रीतीने जात.

या रस्त्याची एक गंमत अशी, की मराठी माणसाला झाशी नाशिकातच भेटते. पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. ते १७४७ साली बांधले गेले, आणि त्याची प्रचंड घंटा म्हणजे प्रसिद्ध ‘नारोशंकराची घंटा’. हे मंदिर बांधणारे नारो शंकर राजेबहाद्दर हेच पेशव्यांच्या वतीने झाशीचे सुभेदार होते. पुढे मालेगावात मोसम नदीच्या काठी जो भुईकोट किल्ला लागतो, तोही त्यांचाच. झाशीच्या किल्ल्याचा त्यांनी वाढवलेला भाग आजही ‘शंकरगढ’ म्हणून ओळखला जातो. एका माणसाच्या तीन वास्तू एकाच रस्त्यावर हजार किलोमीटरांच्या अंतराने उभ्या असाव्यात, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. इतिहासाच्या पुस्तकात ‘मराठ्यांचा उत्तरेत विस्तार’ हा मथळा रुक्ष वाटतो. गाडीच्या खिडकीतून तो तसा राहत नाही.

मुलांना आणखी एक उद्योग द्यावा. वाटेत लागणाऱ्या नद्या मोजायला सांगाव्यात. गोदावरी, गिरणा, धुळ्याची पांझरा, शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटाला नर्मदा, देवासच्या बाजूला क्षिप्रा, सारंगपूरला काली सिंध, मग पार्वती आणि शिवपुरीच्या आधी सिंध. नर्मदेवर गाडी थांबवून पाण्यात नाणे टाकणारे प्रवासी अजूनही दिसतात. नर्मदा ओलांडली, की पंचांगही बदलते. दक्षिणेकडे शालिवाहन शक, उत्तरेकडे विक्रम संवत. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे तो पौर्णिमेला संपतो. खलघाटाहून थोडी वाट वाकडी केली, तर महेश्वरचा अहिल्याबाईंचा घाट पाहता येतो. बेतवेच्या आधी मुलांना भेटावे असे मोठे पाणी असेल, तर ते येथे आहे.

मुलांच्या वहीत आणखी एक गोष्ट उतरेल. मे महिन्यात या यादीतील काही नद्या पुलावरून पाहताना नदी म्हणून ओळखू येत नाहीत. दगड, वाळू आणि मध्ये एखादे डबके, इतकेच दिसते.

याच दिशेने १८५७ साली एक मराठी गृहस्थ बहुतांशी पायी गेले होते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे आपल्या काकांबरोबर उत्तरेत एका मोठ्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने निघाले आणि वाटेतच त्यांना उठावाची वार्ता कळली. ते झाशीत पोहोचले, राणींचा आश्रय त्यांना मिळाला, आणि १८५८ चा वेढा, नगराचा पाडाव व त्यानंतरची लूट व कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. घरी परतताना दक्षिणा फारशी उरली नव्हती. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून आणली. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहून काढले आणि वैद्यांनीच ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. झाशीला निघण्यापूर्वी घरातील एकाने तरी हे पुस्तक वाचावे. त्याच्याइतका जिवंत वाटाड्या किल्ल्यावर पैसे देऊनही मिळणार नाही.

किल्ला आणि तळे

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. दुसरा मुक्काम तेथे केला, तर सख्यासागर तलावाच्या काठी संध्याकाळ काढता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तासांत झाशी येते.

किल्ला बंगरा नावाच्या टेकडीवर आहे. ओरछ्याचे राजे वीरसिंह देव यांनी तो १६१३ साली बांधला. छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा हिस्सा दिल्यानंतर या भागात मराठ्यांचा अंमल आला, आणि १७४२ पासून नारो शंकर येथे सुभेदार म्हणून राहू लागले. नेवाळकर घराणे नंतरचे. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका यांचा विवाह किल्ल्याखालच्या गणेश मंदिरात झाला. ते मंदिर आजही आहे आणि महाराष्ट्र गणेश मंदिर याच नावाने ओळखले जाते. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत बुंदेली सूर मिसळलेला ऐकू येतो.

किल्ला सकाळी उघडल्याबरोबर पाहून घ्यावा. ‘कडक बिजली’ तोफ, शंकराचे मंदिर आणि राणी घोड्यावरून निघाल्या असे सांगितले जाते तो बुरूज यांत मुले रमतात. नऊनंतर दगड तापू लागतात. दहाच्या सुमारास खाली उतरावे आणि राणी महाल, गणेश मंदिर अशी सावलीची ठिकाणे गाठावीत.

दर्शनी यादीत नसलेले एक ठिकाण मात्र चुकवू नये, ते म्हणजे लक्ष्मी ताल. शहराच्या पूर्वेकडे हे जुने तळे आहे. काठावर महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि जवळच गंगाधररावांची छत्री आहे. ते नोव्हेंबर १८५३ मध्ये गेल्यानंतर ती राणींनी बांधवली. राजघराण्याचे कुलदैवत, पतीचे स्मारक आणि शहराचे पाणी एकाच काठावर असावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्या मुलखात तळे हेच वैभव मानले जाई, तेथील ही रीत आहे. अलीकडच्या काळात या तळ्यात शहराचे सांडपाणी जात राहिले आणि मग ते स्वच्छ करण्याचे प्रयत्न सुरू झाले. पाहणाऱ्याला दोन्हीच्या खुणा दिसतात.

पाणी थांबत नाही, ही येथील अडचण

झाशी जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेआठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुणे किंवा सोलापूर शहरापेक्षा हा आकडा कमी नाही. तरीही बुंदेलखंडाचे नाव दुष्काळाशी जोडले गेले आहे, कारण जमिनीखाली ग्रॅनाइट आहे. हा देशातील सर्वांत प्राचीन खडकांपैकी एक. त्याच्यात पाणी मुरायला जागा नाही, जे मुरते ते भेगांपुरते. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत पडलेले पाणी ओढ्यानाल्यांतून बेतवेत, बेतवेतून यमुनेत निघून जाते. मराठवाड्याच्या बेसाल्टवर ज्यांनी विहिरी खोदल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून चंदेल राजांनी अकराव्या-बाराव्या शतकांत महोब्याला कीरत सागर, मदन सागर असे तलाव बांधले, आणि बुंदेल्यांनी तोच क्रम पुढे चालवला. झाशीहून खजुराहोच्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बरुआ सागर आहे. ओरछ्याचे राजे उदित सिंह यांनी बांधलेला हा विस्तीर्ण तलाव मे महिन्यातही डोळ्यांना गारवा देतो. त्याच्या खालच्या शेतांत आले, हळद आणि भाजीपाला होतो. वॉटर पार्कला जाण्यापूर्वी मुलांना येथे घेऊन जावे आणि बांधाची लांबी पायांनी मोजायला सांगावी. यंत्रे नव्हती तेव्हा माणसांनी हे केले, एवढे सांगितले तरी पुरे.

२०१६ चा मे महिना महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वेने पाणी नेले जात होते. त्याच सुमारास बुंदेलखंडासाठी केंद्राने पाठवलेली टँकरांची गाडी झाशी स्थानकात येऊन उभी राहिली. उत्तर प्रदेश सरकारने ती नको म्हटले, आणि तपासणीत तिचे टँकर रिकामेच असल्याचे आढळले. दोन्ही सरकारांत बरीच खडाजंगी झाली. ते स्थानक आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ या नावाने ओळखले जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झाशी जिल्ह्यात ‘जलसहेली’ म्हणवून घेणाऱ्या गावोगावच्या स्त्रियांनी पोत्यांत वाळू भरून घुरारी नदीवर बंधारा घातला आणि आटलेली नदी पुन्हा वाहती केली. आपल्याकडे वनराई बंधारा म्हणतात, तोच हा प्रकार. मोठ्या योजनांपैकी केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोला झाली. २२१ किलोमीटरांच्या कालव्याने केनचे पाणी बेतवेच्या खोऱ्यात आणण्याचा हा बेत आहे. त्यासाठी पन्ना व्याघ्रप्रकल्पातील जंगल बुडणार असल्याने त्यावर वादही आहे. उन्हाळ्यात नदीत उतरणाऱ्या पाहुण्याला या प्रश्नांचे उत्तर द्यायचे नसते. पण ज्या पाण्यावर आपली राफ्ट तरंगते, त्याला किती वाटेकरी आहेत, हे माहीत असावे.

नदीत उतरताना

बेतवा म्हणजे प्राचीन वेत्रवती. कालिदासाच्या मेघदूतात विदिशेजवळ ती भेटते. मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यात उगम पावून ५९० किलोमीटरांचा प्रवास करीत ती हमीरपूरला यमुनेला मिळते. ओरछ्याला तिचे पात्र खडकाळ होते. ग्रॅनाइटच्या गोलसर शिळा, त्यांमधून फुटणाऱ्या धारा, पलीकडे ओरछा अभयारण्याची झाडी आणि मागे बुंदेला राजांच्या छत्र्यांचे कळस. या छत्र्यांवर गिधाडे घरटी करतात. देशभर गिधाडे झपाट्याने कमी झाली असताना ती येथे डोक्यावरून संथ फिरताना दिसतात, आणि पक्षिप्रेमी केवळ त्यांच्यासाठी ओरछ्याला येतात.

राफ्टिंगची चौकशी मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाच्या नदीकाठच्या ‘बेतवा रिट्रीट’ या निवासात करता येते. फेरी काही किलोमीटरांची असते आणि दीड तासाच्या आसपास चालते. ऋषिकेशच्या गंगेचा थरार येथे शोधू नये. लाटा सौम्य, धबाबा कोसळणारे टप्पे थोडे, आणि मधल्या संथ डोहांत वल्हे बाजूला ठेवून आजूबाजूला पाहायला भरपूर वेळ. प्रथमच राफ्टमध्ये बसणाऱ्या कुटुंबासाठी हीच नदी योग्य म्हणावी.

आता मुख्य मुद्दा. ही मौज कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी मिळेल असे गृहीत धरता येत नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना त्याचे कारण ठाऊक असेल. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून उतरून सोडले जाते, तेव्हाच कुंडलिका फुगते. म्हणून तेथे सकाळची वेळ पाळावी लागते. वीज बनवणे हे पाण्याचे मुख्य काम, राफ्टिंग त्याच्या पाठीवर स्वार होते. बेतवेचेही तसेच आहे. ओरछ्याच्या वरच्या अंगाला राजघाट, माताटीला आणि ढुकवाँ ही धरणे आहेत. ढुकवाँला २०२० पासून २४ मेगावॉटचे जलविद्युत केंद्रही आहे. ओरछ्याच्या खाली एकोणिसाव्या शतकातला परीछा बंधारा आहे, जेथून बेतवा कालवा निघतो. मे महिन्यात ओरछ्यासमोर जे पाणी वाहते, ते मुख्यत्वे वरून सोडलेले पाणी असते, आणि ते सोडण्याची कारणे शेती, वीज व पिण्याचे पाणी ही असतात. पाणी सुटले नसेल, तर राफ्ट खडकांना घासते आणि फेरी रद्द होते.

त्यामुळे निघण्याच्या आठ दिवस आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी दूरध्वनी करून चौकशी करावी. ‘राफ्टिंग चालू आहे का’ एवढेच न विचारता ‘नदीत पाणी किती आहे’ हेही विचारावे. फेरी रद्द झाली, तर पैसे परत मिळतील का, तेही. सुट्ट्यांचे बंधन नसणाऱ्यांनी उन्हाळा सोडून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. तेव्हा पावसाळ्याचे पाणी नदीत असते आणि ऊन सोसवते. ऐन पावसाळ्यात मात्र पूर येतो आणि नदीत उतरण्याचा प्रश्नच राहत नाही. ओरछ्याचा कठडे नसलेला ठेंगणा पूल तेव्हा पाण्याखाली जातो. शाळकरी मुलांच्या पालकांना निवड नसते, हे खरे. त्यांनी सकाळी सातची वेळ घ्यावी. साडेनऊनंतर शिळांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, म्हणून पट्ट्याच्या चपला किंवा जुने बूट घालूनच उतरावे.

सुरक्षेच्या बाबतीत संकोच नको. लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळलेले असावेत. ते वर ओढून पाहावे. मुलाच्या हनुवटीपाशी सरकले, तर माप चुकले आहे. हेल्मेट फक्त मोठ्यांचे असेल, तर लहान मुलाला राफ्टमध्ये नेऊ नये, तो रडला तरी. पाण्यात पडल्यास पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व वर ठेवून पाठीवर तरंगायचे आणि उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण शिळांच्या फटीत पाय अडकतो. ही सूचना काठावरच सर्वांकडून वदवून घ्यावी. आणि राफ्टिंगपेक्षा अधिक धोका घाटावरच्या आंघोळीत असतो. कांचन घाटाजवळ पाणी संथ दिसते, पण खडकांमधले डोह खोल आहेत आणि वरून पाणी सुटले, तर पातळी पाहता पाहता वाढते. लाइफ जॅकेट घालून दीड तास सुखरूप आलेली मुले त्यानंतर जॅकेट काढून डोहात सूर मारायला धावतात. मोठ्यांनी डोळ्यांत तेल घालून राहायचे ते तेव्हा.

विम्याचा विषय या पानांवर निघणारच. अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात, तेव्हा घरी असतानाच अटी वाचाव्यात. अनेकांच्या बचत खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे वीस रुपये मे महिन्याच्या अखेरीस वळते होतात. ऐन सहलीत त्या खात्यात शिल्लक असावी. फास्टॅगमध्येही पुरेशी रक्कम ठेवावी आणि थोडी रोकड जवळ बाळगावी, कारण नदीकाठच्या काही भागांत मोबाइलला रेंज मिळत नाही.

एक लहानशी गोष्ट गोंधळात टाकते. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशाच्या निवाडी जिल्ह्यात आहे. स्वतःची गाडी असेल, तर फरक पडत नाही. भाड्याची टॅक्सी केली, तर राज्याचा कर कोणी भरायचा, हे आधी ठरवून घ्यावे.

वॉटर पार्कचा दिवस

मुलांना विचाराल, तर सहलीचा खरा दिवस हाच. झाशीच्या आसपासचे वॉटर पार्क मुंबईच्या गोराईतील १९९८ पासूनच्या वॉटर किंगडमशी तुलना करण्याजोगे नाहीत. तीन-चार घसरगुंड्या, लाटांचा एक तलाव, रेन डान्सचा ओटा आणि दणदणीत गाणी. मे-जूनमध्ये गर्दी असते आणि थंडीत यातील बरेच बंद असतात. दुपारी किल्ला पाहणे अशक्य असते, तेव्हा जेवणानंतर विश्रांती घेऊन साडेतीन-चारला येथे यावे. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे पोशाख घरूनच न्यावेत. तलावाचा तळ स्पष्ट दिसत असेल, तर पाणी बरे. तो दिसत नसेल किंवा क्लोरिनच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत असतील, तर तिकिटाचे पैसे गेले तरी मुलांना बाहेर काढावे.

वॉटर पार्क पाणी वाया घालवतात, असा सरसकट आरोप होतो, तो पूर्ण खरा नाही. तेच पाणी गाळून, शुद्ध करून फिरवले जाते. पण जे उन्हात उडून जाते, ते रोज नव्याने घालावे लागते. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर उतरते. हजार चौरस मीटरांच्या तलावातून म्हणजे रोज दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. ग्रॅनाइटच्या मुलखात हा टँकर बहुधा कूपनलिकेतून भरतो. सहावी-सातवीतील मुलांना हे गणित घालून पाहावे. काही मुले उत्तर काढून पुन्हा घसरगुंडीकडे पळतील, काही थोडी थांबून बरुआ सागरातून किती पाणी उडत असेल, असे विचारतील. तेही गणित तितकेच सोपे आहे, फक्त शून्ये वाढतात.

१८५८ चा एप्रिल याच नदीकाठी गेला. २१ मार्चला सर ह्यू रोझ झाशीसमोर आला. वेढा तोडण्यासाठी तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवा ओलांडून आले आणि १ एप्रिलला लढाईत मागे हटले. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. उन्हाळ्याने आटलेली नदी सैन्याला उतार देते, हे तात्यांना येताना उपयोगी पडले आणि परतताना पाठलाग करणाऱ्यांनाही. पुढे मे महिन्यात कोंचच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या शत्रूपेक्षा ऊन भारी ठरले. इंग्रज सैनिक उष्माघाताने कोसळल्याच्या नोंदी आहेत. आजोबांना नातवंडांशी बोलायला हा विषय ओरछ्याच्या पुलावर सुचावा. समोर नदी असते, आणि पाणी किती खोल असेल, हे मुलांना नुकतेच कळलेले असते.

खाण्यापिण्याचे सांगायचे, तर या दिवसांत कैरीचे पन्हे, बेलाचे सरबत आणि मठ्ठा जागोजागी मिळतो. बाटलीबंद थंड पेयांपेक्षा तो अंगाला मानवतो. कापलेली फळे उघड्यावरची घेऊ नयेत. अख्खे खरबूज घेऊन स्वतःच्या चाकूने कापावे.

परतीला नागपूरचा रस्ता धरणाऱ्यांना सागरच्या पुढे बरमान घाटाजवळ नर्मदा पुन्हा भेटते आणि मग पेंचच्या जंगलातून जाताना प्राण्यांसाठी सोडलेल्या भुयारी वाटांवरून गाडी धावते. मुंबई-पुण्याकडे वळणाऱ्यांनी परतताना मालेगावचा भुईकोट पाहावा. जाताना सहसा तो राहून जातो, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांना पुढे जायची घाई असते.